खर्ज सांभाळणारी माणसं

३० ऑगस्ट १९६९ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पाच तरुण मंडळींनी शूबर्टचं ‘ट्राउट’ हे पंचक वाजवलं. पियानोवर डॅनियल बॅरनबॉइम, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, व्हायोलावर पिंकस झुकरमन आणि चेलोवर जॅकलिन द्यु प्रे. चौघांचीही नावं तेव्हा जगभर गाजू लागली होती. पाचवं वाद्य होतं डबल बेस, आणि ते वाजवत होते मुंबईचे झुबिन मेहता. मेहतांचं वय ३३. लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे ते सात वर्षांपासून प्रमुख संचालक होते. हातातली संचालनाची काठी बाजूला ठेवून ते त्या दिवशी आपल्या विद्यार्थिदशेतल्या वाद्याकडे परतले. ख्रिस्तोफर न्यूपेन यांनी या मैफलीचा आणि तिच्या आधीच्या तालमींचा चित्रपट केला. त्यात ही पाच माणसं एकमेकांची वाद्यं हिसकावून दंगा करताना दिसतात, आणि मंचावर गेल्यावर श्वास रोखायला लावणारं संगीत उभं करतात.

मेहतांवर मराठीत जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक संचालक मेहतांवर. डबल बेसचा उल्लेख त्यात आला तरी एका ओळीत येतो आणि संपतो. मला ती ओळ फार महत्त्वाची वाटते. वाद्यवृंद म्हणजे काय हे त्या तरुणाला ज्या जागेवरून उमगलं ती जागा त्या ओळीत आहे. पुढच्या पानांत त्या जागेवर आयुष्य काढलेल्या वादकांच्या आणि त्यांच्या वाद्यांच्या हकिगती वाचकाला भेटतील. त्याआधी या वाद्याची आणि त्याच्या माणसांची नीट ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मी रावेरचा. आमच्या गावाची ओळख केळीची, सातपुड्याच्या पायथ्याची, आणि भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाची. सिंफनी ऑर्केस्ट्रा आमच्याकडे कधी आला नाही. पण खानदेशाचा कान कोरडा नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावात महबूबखाँकडे गाणं शिकले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव आजही जळगावात भरतो आणि दूरदूरची मंडळी त्यासाठी येतात. गंधर्वांच्या गाण्याविषयी बोलताना जुनी माणसं सारंगीवाले कादरबक्ष आणि तबल्यावरचे अहमदजान थिरकवा यांची नावं घेतल्याशिवाय थांबत नसत. साथीदाराचं नाव आदरानं घेण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि म्हणूनच हे पुस्तक मराठीत यावं असं मला मनापासून वाटलं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात शंभरएक माणसं एका वेळी वाजवतात. टाळ्या संचालकाला आणि एकलवादकाला मिळतात. अगदी मागे आठ-दहा माणसं उंच, जाड तारांची वाद्यं घेऊन असतात. त्यांची नावं कोणी विचारत नाही.

वाद्य कसं आहे ते आधी सांगतो. साधारण माणसाच्या उंचीचं, सहा फुटांच्या आसपास. पुढची तबकडी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, पाठ आणि बाजू बहुधा मेपलच्या. सांधे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेले असतात, म्हणजे गरज पडली तर वाद्य उघडून दुरुस्त करता यावं. तारा चार, पूर्वी आतड्याच्या, आता धातूच्या. व्हायोलिन आणि चेलोच्या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर जुळवतात, डबल बेसच्या मध्यमाच्या अंतरावर. कारण साधं आहे. तार इतकी लांब की दोन स्वरांमध्ये बोटांना फार मोठी मजल मारावी लागते, आणि पंचमाचं अंतर ठेवलं तर डावा हात सतत वरखाली धावत राहील. सगळ्यांत खालच्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१. कानाला स्वर म्हणून ओळखता येईल अशी मर्यादा तिथून फार दूर नाही. तो स्वर ऐकू येतो त्याहून जास्त पायाखालच्या लाकडातून, खुर्चीतून जाणवतो. गज धरण्याचे दोन प्रकार आहेत. फ्रेंच पद्धतीत हात वरून येतो, जर्मन पद्धतीत खालून. व्हिएन्नात जर्मन पद्धत चालते आणि मेहता तीच शिकले.

आता खर्जाचं काम. आपल्या संगीतात षड्ज हलत नाही. तानपुरा एकदा मिळवला की तो मैफल संपेपर्यंत तीच जमीन धरून बसतो, आणि गाणारा त्या जमिनीवर हिंडतो. पाश्चात्त्य संगीतात जमीनच सरकते, आणि ती सरकवणारा हात डबल बेसचा. वर व्हायोलिनं सा, ग, प हे तीन स्वर एकत्र धरून उभी आहेत असं समजा. खाली बेसने सा दिला तर ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं. वरचे तीनही स्वर तसेच ठेवून बेसने मंद्रातला शुद्ध धैवत दिला की त्याच स्वरांवर उदासीची छाया पसरते. कोमल निषाद दिला तर सगळं अस्वस्थ होतं, पुढे कुठेतरी गेल्याशिवाय चैन पडत नाही. वरच्या वादकांनी बोटही हलवलेलं नाही, तरी अर्थ बदलला. मुक्ताईनगरच्या कीर्तनात मृदंगाची धूम क्षणभर गप्प झाली तर टाळकऱ्यांची पावलं कशी अधांतरी होतात, हे आमच्या भागातल्या वारकऱ्याला सांगावं लागणार नाही. डबल बेसची जबाबदारी तशीच आहे. फक्त तिथे ठेक्याबरोबर स्वराचा अर्थही सांभाळायचा असतो.

इतकं मोठं काम असूनही हे वाद्य मुलांनी हौसेने निवडलं असं फार कमी वेळा घडलं. इतिहास वाचताना मला याचा पुन्हा पुन्हा अचंबा वाटतो. १८३५ साली जिओव्हानी बोत्तेसिनी मिलानच्या संगीतशाळेत शिकायला गेला. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या दोनच जागा उरल्या होत्या, एक ‘बसून’ या सुषिर वाद्याची आणि एक डबल बेसची. तो व्हायोलिन शिकलेला, म्हणून त्याने तारांचं वाद्य घेतलं, काही आठवड्यांत त्याची तयारी केली आणि जागा मिळवली. पुढे सारा युरोप त्याला या वाद्याचा जादूगार म्हणू लागला. त्याच्याकडचा कार्लो अँतोनिओ तेस्तोरे या कारागिराने १७१६ साली केलेला बेस एका बाहुलीनाट्याच्या सामानात पडून होता असं सांगतात. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत वेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तेव्हा संचालन केलं ते याच बोत्तेसिनीने.

सर्ज कुसेवित्स्कीची गोष्ट जवळजवळ तशीच. जन्म १८७४, रशियातल्या एका गरीब ज्यू घरात. चौदाव्या वर्षी तो मॉस्कोला पोचला तेव्हा फुकट शिक्षण काही ठरावीक वाद्यांनाच होतं, कारण त्यांना विद्यार्थी मिळत नव्हते. डबल बेस त्यांपैकी एक. तो बोल्शॉय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात लागला, बेस विभागाचा प्रमुख झाला, या वाद्यासाठी स्वतःचा काँचेर्तो, म्हणजे एकलवादकाने वाद्यवृंदाबरोबर वाजवायची रचना, लिहिला आणि एकलवादक म्हणून युरोपभर हिंडला. मग संचालनाकडे वळला. १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षं बोस्टनचा वाद्यवृंद त्याच्या हाताखाली होता. बार्टोकचं ‘काँचेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा’ त्याच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं. टँगलवुडची उन्हाळी संगीतशाळा त्याने १९४० साली सुरू केली. रिकाम्या राहिलेल्या जागेवर बसलेल्या गरीब मुलाने विसाव्या शतकातल्या संगीताला एवढं दिलं.

या दोघांच्याही आधीचा मोठा माणूस म्हणजे डोमेनिको ड्रागोनेत्ती. जन्म व्हेनिसचा, १७६३. सेंट मार्क चर्चच्या वाद्यवृंदात तो १७८७ साली रुजू झाला. व्हिसेन्झा शहरातल्या एका मठातून त्याला गास्पारो दा सालो या कारागिराचं वाद्य मिळालं. गास्पारो १६०९ साली वारला, म्हणजे वाद्य तेव्हाच पावणेदोनशे वर्षांचं तरी होतं. ते घेऊन ड्रागोनेत्ती १७९४ साली लंडनला गेला आणि तिथेच राहिला. रॉबर्ट लिंडली या चेलोवादकाबरोबर एकाच स्टँडवर स्वरलिपी ठेवून त्याने जवळजवळ अर्धशतक वाजवलं. इतकी वर्षं एका कागदावर नजर ठेवलेल्या दोन माणसांची मैत्री कशी असेल याची मी अनेकदा कल्पना करतो.

१७९९ साली व्हिएन्नात त्याची बीथोवेनशी गाठ पडली. बीथोवेनने पियानोवर साथ केली आणि ड्रागोनेत्तीने चेलोसाठी लिहिलेला सोनाटा सरळ डबल बेसवर वाजवून दाखवला. तोवर बेसने चेलोच्या मागे खालच्या सप्तकात चालायचं असा रिवाज होता, स्वरलिपीत दोघांना ओळही एकच असे. या भेटीनंतर बीथोवेनने डबल बेसकडून काय काय मागितलं ते पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात ऐकावं. मधल्या ट्रिओत चेलो आणि बेस धडाडत पुढे येतात, आणि आजही वाद्यवृंदाच्या निवडचाचणीत उमेदवाराला तो तुकडा वाजवायला सांगतात. नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात तर माणसाचा आवाज येण्याआधी हीच वाद्यं माणसासारखी बोलतात. एका भेटीने सगळं घडलं असं कोणी म्हणू नये. पण हे वाद्य काय करू शकतं ते बीथोवेनने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि ते कान अजून बरेचसे शाबूत होते तेव्हा ऐकलं होतं. १८४५ साली बॉन शहरात बीथोवेनच्या पुतळ्याचं अनावरण झालं, त्या सोहळ्यात बेस विभागाचं नेतृत्व ८२ वर्षांच्या ड्रागोनेत्तीने केलं. पुढच्या वर्षी तो गेला. आपलं गास्पारोचं वाद्य त्याने मृत्युपत्राने व्हेनिसच्या सेंट मार्कला परत दिलं.

वाद्यांच्या आयुष्याविषयी बोलायचं तर कुसेवित्स्कीच्या बेसची हकिगत मी सगळ्यांत वर ठेवीन. हे वाद्य १६११ साली क्रेमोनाच्या आमाती बंधूंनी केलं अशी ख्याती होती. आमाती म्हणजे व्हायोलिन घडवणाऱ्यांचं आद्य घराणं. कुसेवित्स्की १९५१ साली वारला, वाद्य पत्नी ओल्गा यांच्याकडे राहिलं. १९६२ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गॅरी कार या तरुणाचं वादन ऐकलं आणि ते वाद्य त्याला देऊन टाकलं, विकलं नाही. कार यांनी त्यावर आयुष्यभर एकलवादन केलं. वाद्यवृंदात नोकरी न करता केवळ डबल बेसचं एकलवादन करून जगणारा माणूस त्याआधी क्वचितच कोणी पाहिला होता. पुढे कार यांनीही ते वाद्य विकलं नाही. बेसवादकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला देऊन टाकलं.

या हस्तांतराच्या सुमारास शास्त्रज्ञांनी वाद्याची तपासणी केली. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय तयार होतं. पावसाळी, थंड, कोरडी अशी वर्षं जशी येतात तशी वलयं रुंद किंवा अरुंद होतात, आणि त्यांचा क्रम एखाद्या भागातल्या सगळ्या झाडांत जुळतो. वाद्याच्या पुढच्या तबकडीवर ही वलयं रेषांसारखी दिसतात. त्यांची मापं घेऊन आल्प्स पर्वतातल्या झाडांच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर लाकूड कधीचं ते कळतं. या वाद्यात तीनशेहून जास्त वलयं मोजता आली, आणि सगळ्यांत अलीकडचं वलय निघालं १७६१ सालचं. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७६१ साली जे झाड उभं होतं त्याचं वाद्य १६११ साली होणं शक्य नाही. आमातींचं नाव गळून पडलं.

बाजाराच्या हिशेबात हा मोठा तोटा. माझ्या हिशेबात नाही. कुसेवित्स्कीने ज्या वाद्यावर काँचेर्तो वाजवला आणि कार यांनी ज्यातून हजारो श्रोत्यांना रडवलं ते वाद्य तेच आहे. बदललं ते त्याच्यावर चिकटवलेलं नाव. ज्या अनाम कारागिराने ते घडवलं त्याचं श्रेय दीडशे वर्षं आधीच्या मोठ्या घराण्याकडे जात होतं, ते आता निदान कोणा दुसऱ्याच्या खात्यावर राहिलं नाही. मागच्या रांगेतल्या वाद्याला कारागीरही मागच्या रांगेतलाच मिळाला, आणि दोघांनी मिळून केलेलं काम उत्तम निघालं.

आता मुंबईकडे येतो. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मेहली स्वतः व्हायोलिनवादक. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य वाद्यं वाजवणारा मोठा वर्ग गोव्याचा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत, मग पोट भरायला मुंबईला येत. रात्री हॉटेलात नाचाचं संगीत, दिवसा चित्रपटांचं ध्वनिमुद्रण, आणि संधी मिळाली की बाख-बीथोवेन. मडगावजवळच्या माजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेला सिंफनी वाद्यवृंद उभा करून दाखवला. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचेच शिष्य. १९५० आणि ६० च्या दशकांतली हिंदी गाणी नीट ऐकली तर तबल्याच्या डग्ग्याखाली आणखी एक गोल, गुबगुबीत ठोका कानी येतो. गज न वापरता बोटांनी छेडलेल्या डबल बेसचा तो आवाज. पुढे बेस गिटार आणि नंतर यंत्रांनी ती जागा घेतली. त्या वादकांची नावं ना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आली, ना रेकॉर्डच्या वेष्टनावर. आपण सगळ्यांनी रेडिओवर त्यांना आयुष्यभर ऐकलं आणि ते कोण हे विचारलं नाही, याचं मला दुःख आहे.

झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. वडिलांच्या तालमी ऐकत ते वाढले. सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात डॉक्टर होण्याच्या वाटेवर त्यांनी दोन वर्षं काढली, मग ती वाट सोडून १९५४ साली व्हिएन्ना गाठलं. तिथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालनाचं शिक्षण आणि जोडीला डबल बेस. अठरा वर्षांच्या त्या मुलाने व्हिएन्ना फिलहार्मोनिकला कार्ल ब्योमच्या संचालनाखाली ब्राह्म्सची पहिली सिंफनी वाजवताना ऐकलं आणि त्या भरदार आवाजाने तो कायमचा बांधला गेला. पुढे आयुष्यभर जगातल्या प्रत्येक वाद्यवृंदातून तोच आवाज काढण्याचा प्रयत्न केला, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. ही सिंफनी सुरू होते ती एकाच खालच्या स्वरावर पडणाऱ्या घावांनी. टिंपनी, बेस आणि खालच्या पट्टीतली सुषिर वाद्यं तो स्वर धरून ठेवतात आणि वर सगळं घुसळत राहतं. खर्जावर उभारलेल्या अशा आवाजाच्या प्रेमात पडलेला विद्यार्थी डबल बेस हाती घेतो, यात मला एक संगती दिसते.

व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या सोनेरी सभागृहात फिलहार्मोनिकचे बेसवादक अगदी मागे, भिंतीलगत एका रांगेत असतात. त्या जागेवरून अख्खा वाद्यवृंद पुढ्यात दिसतो आणि संचालकाचा चेहरा थेट समोर येतो. संचालन शिकणाऱ्यासाठी याहून चांगला बाक नाही. मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउदिओ अबादो हे तर मोठ्या संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून समूहगायनात जाऊन उभे राहत. १९५८ साली मेहतांनी लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ते टँगलवुडला गेले, म्हणजे एका बेसवादकाने सुरू केलेल्या शाळेत दुसरा बेसवादक पोचला. पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. माँट्रिऑल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल. २००१ साली पद्मविभूषण.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये मेहता १९७८ पासून १९९१ पर्यंत होते. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्यासमोर बेसच्या रांगेत ओरिन ओब्रायन नावाची एक बाई वाजवत होती. १९६६ साली लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या काळात ती आली, आणि त्या वाद्यवृंदात कायम नोकरीवर घेतलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव सांगितलं जातं. आईवडील दोघंही हॉलिवूडचे नट, म्हणजे प्रसिद्धी म्हणजे काय हे तिने घरात पाहिलेलं. तिने वाद्य निवडलं ते गर्दीत मिसळून जाणारं. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी तिच्या वादनापेक्षा दिसण्यावर जास्त लिहिलं. तिने ते सोसलं आणि वाजवत राहिली. २०२१ साली ती निवृत्त झाली, म्हणजे नोकरी ५५ वर्षांची. या काळात संचालक बदलले, पण खर्ज तिचा होता. तिच्या भाचीने तिच्यावर केलेल्या लघुपटाला २०२५ साली ऑस्कर मिळालं. त्यात ही बाई आपल्याबद्दल एवढं कौतुक कशाला, असं पुन्हा पुन्हा म्हणते आणि विद्यार्थ्यांना शिकवायला बसते.

डबल बेसवर लिहिणारे बहुतेक लेखक बोत्तेसिनी आणि कार यांच्यापाशी रेंगाळतात. हे वाद्यसुद्धा व्हायोलिनसारखं गाऊ शकतं, हे सिद्ध करण्याची त्यांना घाई असते. मला ओब्रायनबाईंचं आयुष्य त्याहून मोठं वाटतं. एकट्याने मंच गाजवणं अवघड आहेच. पण पंचावन्न वर्षं रोज तालमीला जाणं, सात-आठ जणांचा गज एका श्वासात चालवणं, आपला सूर सहकाऱ्याच्या सुरात इतका मिसळून टाकणं की तो वेगळा ऐकूच येऊ नये, यासाठी लागणारी साधना वेगळ्याच जातीची आहे.

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाटक केंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि २०२३ साली मेहतांनी तिथे येऊन त्याचं संचालन केलं. त्यातले बरेच वादक अजूनही परदेशांतून येतात. डबल बेस परवडणं सोपं नाही आणि सांभाळणं त्याहून कठीण. मुंबईच्या दमट हवेत सरसाचे सांधे सुटतात, आणि आमच्याकडच्या मे महिन्याच्या ४५ अंशांत तबकडीला तडा जायला वेळ लागणार नाही. तरी जिथे शिकवणारं कोणी आहे तिथे एखाद्या शाळेने एक वाद्य घेऊन ठेवावं. कोणीतरी मूल, जागा रिकामी आहे म्हणून का होईना, त्याच्यापाशी जाऊन उभं राहील.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक वाचण्याआधी बीथोवेनच्या पाचव्या सिंफनीचा तिसरा भाग आणि ‘ट्राउट’ पंचक ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून इतका खालचा स्वर बाहेरच पडत नाही. चांगले हेडफोन लावा किंवा घरातला मोठा स्पीकर काढा. पहिल्यांदा ऐकताना सुरावटीकडे लक्ष जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त तळाचा आवाज धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.